पणजोबांच्या फोटोतली रेसची गाडी कोणती : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर

काकांची पंच्याहत्तरी फेब्रुवारीत आहे. अमळनेरच्या घरी ओसरीवर पणजोबांचा जो फोटो लावलाय, त्याची नीट प्रत करून द्यायची आणि खाली गाडीचं नाव नि साल टाकायचं, एवढंच काम ठरलं. फोटोत पणजोबा धोतर, काळा कोट, काळी टोपी अशा थाटात मोटरसायकलवर बसलेत. ते मिलमध्ये फिटर होते.

घरातली मतं आधी लिहून घेतली. काका: "नॉर्टन. रेसची. आपलीच होती, पुण्याला पहिली आली होती." वडील: बीएसए. चुलतभाऊ: बुलेट. (तो घोडागाडी सोडून सगळ्याच जुन्या वाहनांना बुलेट म्हणतो. हे नाव विलायतेत आलं १९३२ साली आणि मद्रासला जुळणी सुरू झाली १९५५ मध्ये.) रेसबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत. त्याला आधार दोनच: हँडल खाली वळलेलं आहे आणि पुढे दिवा नाही.

१० नोव्हेंबर

काचेवरूनच मोबाइलने फोटो काढला आणि फोटो ‘सुधारणाऱ्या’ ॲपमध्ये टाकला. पणजोबा पंचवीस वर्षांचे झाले. इंजिनही झकास दिसायला लागलं, म्हणून तोच फोटो पुन्हा टाकून पाहिला, तर सिलिंडरवरच्या फिनची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांची) संख्या बदलली. टाकीवर अक्षरं उमटली, ती कुठल्याच लिपीतली नव्हती. ॲप जे दिसत नाही ते मनाने भरतं. कुणाला असं काम करायचं असेल तर चेहऱ्यासाठी खुशाल वापरा, यंत्र ओळखण्यासाठी नको. त्या सगळ्या प्रती पुसून टाकल्या. पुढचं सगळं काम फक्त उजेड आणि काळोख कमीजास्त करून केलं आहे.

१६ नोव्हेंबर

फ्रेम उघडली. मागचा पुठ्ठा कसरीने खाल्लेला, खिळे गंजलेले. फोटो एका कोपऱ्यात काचेला चिकटलाय. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, तो पावसाळ्याच्या दमटपणात मऊ होतो आणि काचेला धरतो. असा फोटो ओढू नका, थर काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. जळगावच्या एका दुकानात "पाण्यात भिजवू, सुटेल" म्हणाले. नमस्कार करून परत आलो.

काचेसकट स्कॅन करायचं ठरवलं. पहिला स्कॅन धूसर आला. कारण नंतर कळलं: हल्लीचे स्वस्त, चपटे स्कॅनर सीआयएस पद्धतीचे असतात, त्यांना काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं. मध्ये फ्रेमच्या काचेची जाडी आली की खेळ खलास. जुना, जाड, सीसीडी पद्धतीचा स्कॅनर असलेला फोटोवाला शोधला. त्याने १२०० डीपीआयवर, टिफ फाइलमध्ये, ३५० रुपयांत करून दिलं. जेपीईजी घेऊ नका, खूप मोठं केल्यावर त्यातले चौकोन फिनसारखे दिसतात.

उघडल्याचा खरा फायदा निराळाच झाला. हा मूळ फोटो नाहीच. मागे अमळनेरच्या स्टुडिओचा शिक्का आहे आणि त्यात तीन आकडी टेलिफोन नंबर. म्हणजे जुन्या फोटोचा पुन्हा फोटो काढून, मोठा करून, टचिंग केलेली ही प्रत. टॉर्च आडवा धरला की ब्रशचे फटकारे दिसतात: मिशी ठळक केली आहे, टाकी काळी भरली आहे. शिवाय त्या काळच्या आवडीप्रमाणे कडा लंबगोल करून पांढऱ्या धुक्यात विरवल्यात. धुक्यात गेली ती नेमकी गाडीची खालची बाजू.

२२ नोव्हेंबर

कंपनी राहू दे बाजूला, आधी साल पक्कं करू, असं ठरवून सुटे भाग पाहिले. तुमच्याकडे असा फोटो असेल तर याच क्रमाने जा.

टाकी: १९२० च्या दशकात बहुतेक मोटरसायकलींची टाकी चपटी, फ्रेमच्या दोन आडव्या नळ्यांच्या मध्ये अडकवलेली असे. साधारण १९२८-२९ पासून वरच्या नळीवर दोन्ही बाजूंनी बसणारी फुगीर टाकी रूढ झाली. ब्रफ सुपीरियरसारख्या महागड्या गाडीला ती आधीपासून होती, पण अपवाद थोडे. आपल्या फोटोत फुगीर टाकी.

पुढचा ब्रेक: ड्रम. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीच्या गाड्यांना रिमवर घासणारे ब्रेक असत. इथे ते नाहीत.

फोर्क: दोन बाजूंना दोन स्प्रिंगा असतील तर बहुधा ड्रुइड, मध्ये एकच मोठी स्प्रिंग असेल तर वेबच्या धर्तीचा. आपल्याकडे मध्ये एक. पण फोर्क अनेक कंपन्या बाहेरून विकत घ्यायच्या, म्हणून यावरून नाव ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरचा तेल भरलेला टेलिस्कोपिक फोर्क नाही, एवढ्यावरून सालाची वरची मर्यादा कळते.

थोडक्यात १९२८ ते १९४० च्या आतली विलायती गाडी. ज्या प्रश्नासाठी लोक महिनोन्महिने वाद घालतात त्याचं ऐंशी टक्के उत्तर टाकी आणि ब्रेक देतात.

मापं काढायचा प्रयत्न फसला. चाकाचा व्यास धरून सिलिंडरची उंची काढणार होतो, पण पुढचं चाक वळवलेलं आहे आणि मागचं धोतराच्या सोग्याने अर्धं झाकलंय. आकडे दर वेळी निराळे येतात. सोडून दिलं.

२९ नोव्हेंबर

सिलिंडरच्या शेजारून एक जाड नळी उभी वर जाते. वर आणि खाली, दोन्ही टोकांना फुगवटा आहे. वरच्या झडपा उघडायला साध्या गाड्यांमध्ये पुशरॉड, म्हणजे खालून ढकलणाऱ्या काड्या, असतात. ते झाकणारी नळी असली तरी वर तिच्या जोडीला रॉकर दिसतात, खाली असे गोल गुडघे नसतात. इथे गुडघे आहेत, म्हणजे आत फिरणारा शाफ्ट आणि दोन्हीकडे बेव्हल गिअर. म्हणजे झडपा उघडणारा कॅमशाफ्ट सिलिंडरच्या डोक्यावर. त्या काळात हे महाग प्रकरण, बहुतांशी रेससाठीच. घरच्यांचं ‘रेसची गाडी’ हे निव्वळ हँडलावरून नव्हतं तर!

इथे यादी एकदम आखडली. बीएसए गेली, रॉयल एनफिल्ड गेली, रज गेली (तिला चार झडपा, पण पुशरॉडच्या). एजेएसने वरच्या कॅमच्या गाड्या केल्या, पण त्यांचा कॅम चेनने फिरे आणि इंजिनाच्या पुढच्या अंगाला त्या चेनचं लांबट चपटं कव्हर असे. उरल्या मुख्यतः दोन: नॉर्टन आणि व्हेलोसेट. काका खूश.

अडचण एकच. दोन्ही गाड्यांची ही नळी उजव्या बाजूला असते. आपल्या फोटोत गाडीची डावी बाजू दिसते आहे आणि नळी त्याच बाजूला आहे.

१३ डिसेंबर

या एका गोष्टीने पंधरवडा खाल्ला. डावीकडे शाफ्ट असलेली एखादी बारकी कंपनी असेल म्हणून जुन्या कॅटलॉगांची पानं चाळली. फ्रेंच, बेल्जियन, इटालियन सगळं पाहिलं. एका जुन्या गाड्यांच्या दलालाने तर फोटो पाहून "हे कंपनीने एकच बनवलेलं मॉडेल आहे, गाडी घरात कुठं पडलीय का बघा, लाखोंचा माल आहे" असं सांगितलं. चुलतभाऊ लगेच मळ्यातलं गोदाम उपसायला निघाला. तिथे पंपाचं जुनं इंजिन निघालं, किर्लोस्करचं.

१४ डिसेंबर

आईने सोडवलं. ती चाळीस वर्षं शिवणकाम करते आहे. संगणकावर मोठा केलेला फोटो पाहून म्हणाली, "अरे, यांच्या कोटाची बटणं बायकांच्या झंपरासारखी कशी? पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते. आणि हा छातीचा खिसा उजवीकडे कुणी शिवला?"

फोटो उलटा छापलाय! आरशातल्यासारखा.

संगणकावर फिरवला आणि सगळं जागेवर आलं. शाफ्टची नळी उजवीकडे गेली. खिसा डावीकडे आला. निगेटिव्हला एक मसाल्याची बाजू असते. एन्लार्जरमध्ये किंवा छापायच्या चौकटीत ती उलट्या तोंडाने बसली की प्रत उलटी येते आणि चेहऱ्यावरून ते कुणाच्याच लक्षात येत नाही, कारण माणसाचा चेहरा दोन्हीकडून माणसाचाच. स्टुडिओत मूळ फोटोची निगेटिव्ह करून मोठी प्रत काढताना हे झालं असणार. फोटोत पाटी किंवा अक्षरं असती तर त्यांनाही दिसलं असतं.

म्हणून पहिल्या दिवशी, गाडीकडे पाहण्याआधी, हे तपासा: कोटाची बटणं, छातीचा खिसा, नऊवारीचा पदर, आणि इंग्रजी गाडी असेल तर चेन. त्या काळच्या बहुतेक इंग्रजी एकसिलिंडरी गाड्यांची चेन डाव्या बाजूला, टायमिंगची बाजू उजवीकडे. दोन मिनिटांचं काम आहे.

२१ डिसेंबर

भुसावळला गेलो. तिथे एक चाचा आहेत, वडिलांच्या काळापासून जावा आणि बुलेट करतात. सरळ केलेली प्रत त्यांच्यापुढे ठेवली. चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "भाऊ, बाकी राहू द्या. याचा गिअर कुठंय?"

लाखमोलाचा प्रश्न. त्या काळात गिअर हाताने टाकत, टाकीच्या उजव्या अंगाला लांब दांडा असे. आपल्या फोटोत उजवीच बाजू समोर आहे आणि दांडा नाही. मग गिअर पायाने. आणि पायाजवळचा भाग स्टुडिओने धुक्यात घालवलेला.

"मूळ फोटो शोधा," चाचा म्हणाले. "यात टाकीवर पण रंग मारलाय. काळ्या टाकीवर बोलायचं म्हणजे स्टुडिओवाल्याच्या ब्रशवर बोलायचं." चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

४ जानेवारी

आजोबांची धाकटी बहीण, आमची अक्का, धरणगावला असते. नव्वदीला टेकली आहे, कान अर्धे, स्मरण पूर्ण. पत्र्याच्या पेटीत लग्नपत्रिका आणि पावत्यांखाली एका जुन्या पंचांगात मूळ प्रत सापडली. आगपेटीहून थोडी मोठी, निगेटिव्ह कागदावर थेट ठेवून छापलेली. कोटाची बटणं बरोबर बाजूला.

तिला विचारलं, गाडी आपली होती का. ती हसली. "आपली कोठली? साहेबनी गाडी व्हती. मना बा ती पुसे, तेल टाके. एक दिन साहेबनीच त्याले बसाडं."

फोटो घरी न्यायला तिने दिला नाही, आणि बरोबरच आहे. एकदा नेलेला फोटो परत येत नाही असा तिचा अनुभव. तिथेच काम उरकलं: खिडक्या लावून घेतल्या, फोटो पाटावर सपाट, दोन्ही बाजूंना टेबललॅम्प तिरपे (समोरून उजेड टाकला की कागद चमकतो), मोबाइल स्टीलच्या डब्यांच्या चळतीवर उलटा ठेवून टायमरने. हातात धरून काढलेला एकही फोटो कामाचा निघाला नाही. मागची बाजूही घेतली, तिथे पेन्सिलीने मोडीत दोन ओळी आहेत. जेवून निघालो. कळण्याची भाकरी आणि ठेचा होता, हे प्रकल्पाच्या नोंदीत येत नाही पण यायला हवं.

५ जानेवारी

मूळ प्रतीत काय दिसतं:

पायरेस्टजवळ, उजव्या पावलापुढे, एक आखूड पेडल आहे. गिअरचं. प्रत्येक दाबाला एकच गिअर बदलून पेडल पुन्हा मधे येणारी ही पद्धत व्हेलोसेटच्या हॅरॉल्ड विलिसने रेसच्या गाड्यांसाठी बसवली आणि १९२९ च्या केटीटी मॉडेलसोबत ती गिऱ्हाइकांना मिळाली. आज बहुतेक मोटरसायकलींचा गिअर तसाच पडतो. नॉर्टनच्या सीएस १ ला (वरच्या कॅमची त्यांची गाडी) तेव्हा हाताचा दांडाच होता.

टाकी गडद आहे, कडेने बारीक फिकट रेघ. स्टुडिओने काळी भरली ती आधीही गडदच होती, उगाच संशय घेतला. नॉर्टनची टाकी रुपेरी, तिच्यावर काळे-लाल पट्टे. व्हेलोसेटची काळी, सोनेरी रेघांची. इथे एक सावधगिरी: त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नाही, लाल वस्तू काळी येते. तेव्हा ‘गडद टाकी म्हणजे काळी’ असं म्हणता येत नाही, लालही असू शकते. पण रुपेरी टाकी गडद येणार नाही, आणि नॉर्टन वगळायला तेवढं पुरे.

इंजिन: सीएस १ च्या इंजिनाला तिकडचे शौकीन ‘क्रिकेट बॅट’ म्हणतात, कारण उभी नळी आणि खालचं कव्हर मिळून बॅट धरल्यासारखं दिसतं. आपल्या फोटोत खालचा फुगवटा लहान आणि गोल आहे, बॅटचं पातं नाही.

टाकीवरचं नाव पणजोबांच्या गुडघ्याखाली. अगदी पूर्ण. एक अक्षरसुद्धा बाहेर नाही.

तर व्हेलोसेट, के मालिकेतलं ३४८ सीसीचं इंजिन, ७४ मिलिमीटर बोअर, ८१ स्ट्रोक, पर्सी गुडमनने आखलेलं. बर्मिंगहॅमच्या हॉल ग्रीन भागातला घरगुती कारखाना. पण याच इंजिनावर त्यांनी आइल ऑफ मॅनची ज्युनिअर टीटी ही शर्यत १९२६, १९२८ आणि १९२९ मध्ये जिंकली, पहिल्या दोन्ही वेळा ॲलेक बेनेट आणि तिसऱ्यांदा फ्रेडी हिक्स. काकांना सांगायचं म्हणजे सीनिअर टीटी १९२७ मध्ये सीएस १ वर जिंकणाराही हाच बेनेट. नॉर्टन अगदीच परकी नाही.

१२ जानेवारी

मोडीसाठी धुळ्याला. राजवाडे संशोधन मंडळामुळे या गावात मोडी वाचणारी माणसं अजून भेटतात. एका सेवानिवृत्त गुरुजींनी मोबाइलवरच वाचून दिलं, पैसे घेतले नाहीत. मजकूर असा: "मिलचे साहेब यांचे फटफटीवर. कार्तिक शके १८५४."

शकात ७८ मिळवायचे, म्हणजे १९३२. कार्तिक दिवाळीपासून पुढे, तेव्हा नोव्हेंबरच्या आसपास. अक्काचं म्हणणं पणजोबांच्याच हातचं निघालं. सुट्या भागांवरून काढलेल्या सालाशीही जुळतं.

१८ जानेवारी

एक गाठ अजून सुटलेली नाही आणि या फोटोवरून सुटणार नाही. केटीटी म्हणजे कारखान्याने रेससाठीच विकलेली गाडी. तिची बहीण केएसएस, त्याच कुळातली, रस्त्यावरची वेगवान गाडी. खाली वळलेलं हँडल कुणीही लावतं, दिवा कुणीही काढतं, पायाचा गिअर नंतर बसवता येतो. इंजिनाच्या नंबरापुढे केटीटी किंवा केएसएस अशी अक्षरं ठोकलेली असतात, ती दिसली तर विषय एका मिनिटात संपेल. पण ती क्रँककेसवर आहेत आणि क्रँककेसवर पणजोबांच्या धोतराची सावली. पेडल, दिव्याचा अभाव आणि १९३२ हे साल तिन्ही धरून मी केटीटीकडे झुकतो, ‘बहुधा’ लावून.

पुढच्या मडगार्डवरच्या पट्टीवर नंबराचे शेवटचे दोन आकडे वाचता येतात, ७ आणि ४. दोन आकड्यांवर कुठलीही नोंदवही उघडत नाही. सोडलं.

२ फेब्रुवारी

काकांना कच्ची प्रत दाखवली. नॉर्टन गेली हे त्यांनी मान्य केलं. गाडी साहेबाची होती हे अक्काने सांगितलंय म्हटल्यावर तेही गिळलं, आत्यासमोर त्यांचं चालत नाही. पुण्याच्या रेसवर मात्र अडून बसले. मी म्हणालो, गाडी रेसची आहे, ती कुठे पळाली हे फोटोत नाही. शेवटी मजकूर ठरला:

"अमळनेर, कार्तिक शके १८५४ (१९३२). मिलच्या साहेबांच्या व्हेलोसेट मोटरसायकलवर. ३५० सीसी, बहुधा केटीटी, रेसचं मॉडेल."

‘बहुधा’ काढ म्हणाले. नाही काढलं.

खर्च: स्कॅन ३५०, फुकट गेलेला पहिला स्कॅन १००, मूळ प्रतीवरून मोठी छपाई ६००, फ्रेम ९००, बसभाडं वेगळं. सगळ्यात महाग पडला तो उलट्या फोटोपायी गेलेला पंधरवडा.

नवी प्रत मूळ फोटोवरून केली आहे, टचिंग नाही, मिशी होती तेवढीच. स्टुडिओची जुनी प्रत काचेसकट तशीच पुठ्ठ्यात बांधून ठेवली. फ्रेमवाल्याला बजावलंय की काच आणि फोटोमध्ये पुठ्ठ्याची जाड कड टाक, कागद काचेला टेकता कामा नये. तो म्हणाला, त्याचे पन्नास रुपये जास्त होतील.